काननदेवी

हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, कलकत्त्याच्या अगदी समोर, हावडा हे शहर वसलेले आहे. तागाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि रेल्वेचे मोठे स्थानक यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे माणसांची दिवसरात्र वर्दळ असे. या शहरात २२ एप्रिल १९१६ रोजी कानन नावाची एक मुलगी जन्मास आली. कानन म्हणजे उपवन. नाव असे प्रसन्न होते. परंतु ज्या घरात ते ठेवले गेले, त्या घरात प्रसन्नता फार काळ टिकली नाही.

त्या काळी बंगालमध्ये स्त्रीच्या नावाला जोडलेल्या शब्दावरून लोक तिची योग्यता ठरवीत. उच्च समजल्या जाणाऱ्या कुळातील स्त्रीच्या नावापुढे ‘देवी’ हा शब्द येई. नाटकांतून वा चित्रपटांतून काम करणाऱ्या, कुळाचा आधार नसलेल्या मुलींच्या नावांपुढे बहुधा ‘बाला’ किंवा ‘दासी’ असे. कानन ही पुष्कळ वर्षे काननबालाच होती. काननबालेची काननदेवी होण्यास किती श्रम पडले आणि किती अपमान गिळावे लागले, हे तिची गाणी ऐकणाऱ्या लाखो लोकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

रतनचंद्र दास आणि राजबाला यांना ती आईवडील मानी. रतनचंद्र गाण्याचे शौकीन होते आणि मुलीवर त्यांची माया होती. परंतु काननच्या लहानपणीच ते वारले. मागे राहिले ते कर्ज. आईने अंगावरचे दागिने आणि घरातले किडूकमिडूक विकून देणेकऱ्यांना वाटेस लावले. मग डोक्यावर छप्पर हवे म्हणून मायलेकी एका दूरच्या नातेवाइकाच्या आश्रयास गेल्या.

आश्रय हा शब्द येथे नावालाच खरा होता. आईकडे स्वयंपाक आला आणि मुलीकडे भांडी, धुणे, केरवारे. पोटाला मिळे, पण त्याबरोबर बोलणीही मिळत. एके दिवशी आईच्या हातून बशी पडून फुटली. त्यावरून घरच्या मंडळींनी तिला वाटेल तसे बोलून घेतले. आई मुकाट्याने उभी राहिली. परंतु लहानग्या काननला ते सोसवले नाही. येथे आता राहायचे नाही, असा हट्ट तिने धरला आणि आईचा हात धरून ती त्या घराबाहेर पडली. कोठे जायचे, काय खायचे, याचा विचार तिच्या मनास शिवलाही नसेल. पुढे एका गरीब वस्तीतील खोलीत त्या दोघींनी बिऱ्हाड केले. शाळेत जाण्याचे ते वय होते. पण शाळा तिच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही.

ओळखीच्या एका गृहस्थांना या मायलेकींची दया आली. त्यांचे नाव तुलसी बॅनर्जी. कानन त्यांना काकाबाबू म्हणे. चित्रपटाच्या धंद्यात त्यांची ये-जा होती. मुलीचा चेहरा रेखीव आणि डोळे बोलके आहेत, हे पाहून ते तिला एके दिवशी मदन थिएटर्स या कंपनीच्या स्टुडिओत घेऊन गेले. मुंबईहून कलकत्त्यास गेलेल्या जमशेदजी फ्रामजी मदन या पारशी व्यापाऱ्याने ही कंपनी उभारली होती आणि तिची चित्रगृहे देशभर पसरली होती. ज्योतिष बंद्योपाध्याय हे त्या वेळी ‘जयदेव’ नावाचा चित्रपट काढीत होते. त्यात काननला एक छोटे काम मिळाले. हे साल १९२६. तिचे वय अवघे दहा वर्षांचे होते.

चित्रपट तेव्हा मुके होते. पडद्यावर माणसे ओठ हलवीत, हातवारे करीत, आणि त्यांचे म्हणणे मधूनमधून अक्षरांत लिहून दाखविले जाई. म्हणून त्या पहिल्या चित्रपटात काननचा आवाज कोणी ऐकला नाही. कामाबद्दल पंचवीस रुपये ठरले होते. मधल्या मंडळींच्या हातांतून निसटत तिच्या हातात पडले ते पाच! तरीही ते पाच रुपये तिने स्वतः मिळवलेले होते.

आपल्या आजच्या वाचकांस एका गोष्टीचे आश्चर्य वाटेल. चित्रपटात काम मिळाले म्हणजे मान मिळाला, असे तेव्हा मुळीच नव्हते. महाराष्ट्रातील रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुष करीत. बंगालमध्ये १८७३ पासून धंदेवाईक रंगभूमीवर स्त्रिया काम करू लागल्या होत्या. परंतु जी स्त्री रंगभूमीवर पाऊल ठेवी, तिला सभ्य समाजाचे दरवाजे कायमचे बंद होत. प्रेक्षक तिच्या अभिनयाने भारावून जात आणि घरी परतल्यावर तिचे नाव उच्चारणेही कमीपणाचे मानीत. चित्रपटातील नटींचीही स्थिती अशीच होती. दहा वर्षांच्या काननला याची काय कल्पना असणार? तिला घरभाडे द्यायचे होते.

१९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कलकत्त्यातही बंगाली बोलपट निघाले. चित्रपटाला वाचा फुटली आणि मूकपटांच्या जमान्यातील कितीतरी नट-नट्या एकाएकी निरुपयोगी झाल्या. कारण त्यांना गाता येत नव्हते. त्या वेळी पडद्यावर गाणाऱ्या पात्राला स्वतःच गावे लागे. कॅमेरा चालू असे, साजिंदे चौकटीबाहेर कोठेतरी, कधी भिंतीआड तर कधी झाडाआड बसत, आणि नटीला चालता चालता, अभिनय करता करता सूर सांभाळावा लागे. चूक झाली की सारे पहिल्यापासून. एकाचे गाणे आणि दुसऱ्याचे ओठ, ही पार्श्वगायनाची सोय १९३५ साली कलकत्त्यातच प्रथम रूढ होऊ लागली. काननजवळ सुरेल आवाज होता. ‘जोर बरात’, ‘ऋषीर प्रेम’, ‘प्रल्हाद’ अशा बोलपटांतून ती दिसू लागली. पौराणिक चित्रपटांत तर तिने पुरुषांची कामेही केली.

या काळात तिला मन मारून पुष्कळ गोष्टी कराव्या लागल्या. न आवडणारी वेशभूषा, न पटणारे प्रसंग, मोठ्या माणसांचा अरेरावीचा स्वर, हे सारे तिने सोसले. लहान मुलीला विचारतो कोण? आपल्याला काय वाटते हे कोणी विचारीत नाही, याचे शल्य तिच्या मनात खोल रुतून बसले होते. आणि पुढे हाती सत्ता आल्यावर तिने जे केले, त्याचा उगम या शल्यातच आहे.

१९३३ च्या सुमारास ती राधा फिल्म कंपनीत आली. येथे तिला मोठ्या भूमिका मिळू लागल्या. त्यांतील एक भूमिका मोठी गमतीची होती. ‘मानमयी गर्ल्स स्कूल’ हा १९३५ सालचा विनोदी चित्रपट. एका जमीनदाराला आपल्या गावच्या मुलींच्या शाळेसाठी शिक्षक हवे असतात. पण अट अशी की शिक्षक-शिक्षिका पतिपत्नी असली पाहिजेत. नोकरीसाठी हिंडणारे दोन अनोळखी तरुण-तरुणी पतिपत्नी असल्याची बतावणी करून तेथे दाखल होतात आणि मग घडोघडी त्यांची फजिती होते. यातील शिक्षिका झाली होती कानन. ज्या मुलीने शाळेचे तोंड क्वचितच पाहिले, तिने फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मास्तरीणबाई अशा झोकात वठविल्या की, कलकत्त्यातील प्रेक्षक खूश होऊन गेले.

मात्र याच वर्षी एक संधी तिच्या हातून निसटली. आसाममधील गौरीपूरच्या जमीनदार घराण्यातील प्रमथेश बरुआ हे न्यू थिएटर्स या संस्थेसाठी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या ‘देवदास’ कादंबरीवर चित्रपट काढीत होते. त्यातील पार्वतीच्या भूमिकेसाठी त्यांना कानन हवी होती. परंतु राधा फिल्म कंपनीशी झालेला करार आडवा आला. ती भूमिका दुसऱ्या नटीस मिळाली, चित्रपट देशभर गाजला, आणि काननला ही हळहळ जन्मभर लागून राहिली.

करार संपल्यावर ती न्यू थिएटर्समध्ये गेली. बिरेंद्रनाथ सरकार यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे बोधचिन्ह हत्ती होते. पुण्यामुंबईकडे जसा प्रभातचा लौकिक, तसा पूर्वेकडे न्यू थिएटर्सचा. उत्तम साहित्य, उत्तम संगीत आणि शिस्त या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदत होत्या. बरुआंच्या ‘मुक्ती’ या १९३७ सालच्या चित्रपटात काननने चित्रा या श्रीमंत घरातील तरुणीची भूमिका केली. तिचा पती चित्रकार आहे. आपल्या कलेवर त्याची निष्ठा एवढी की, लोकनिंदेला तो भीक घालीत नाही. दोघांचे एकमेकांवर प्रेम असूनही त्यांचा संसार टिकत नाही. चित्रकार आसामच्या अरण्यात निघून जातो.

त्या वेळच्या पुष्कळ चित्रपटांत नट रंगभूमीवरच्यासारखे मोठ्याने, हेल काढून बोलत. मायक्रोफोन जवळ असताना ओरडण्याचे कारण नाही, हे बरुआंनी ओळखले होते. घरात माणसे बोलतात तसे बोलायचे, थोडे कमीच बोलायचे आणि उरलेले डोळ्यांवर सोपवायचे, ही त्यांची रीत. काननने ती तत्काळ आत्मसात केली. ‘मुक्ती’चे संगीत पंकज मल्लिक यांचे होते. रवींद्रनाथ ठाकुरांची गीते या चित्रपटात घेण्यात आली होती. ही गीते तोपर्यंत सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत गायिली जात. बाजारात, रस्त्यावर, नावेवर ती फारशी ऐकू येत नसत. काननच्या कंठातून ती तेथे पोहोचली. तिची केशरचना, तिची साडी नेसण्याची पद्धत, तिचे कानांतले अलंकार यांचेही बंगालमधील मुली अनुकरण करू लागल्या. ज्या घरांत तिचे नाव घेणे अप्रशस्त समजले जाई, त्याच घरांतल्या मुली काननसारखे केस बांधू लागल्या!

तिचे गाणे हे नुसते जन्मजात देणे नव्हते. लखनौच्या एका उस्तादांकडे तिने शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. भीष्मदेव चट्टोपाध्याय यांच्यासारखा श्रेष्ठ गायक तिला मार्गदर्शनास लाभला. कवी काझी नझरुल इस्लाम यांनी तिला आपली गीते शिकविली, अनादी दस्तिदार यांनी रवींद्रसंगीत शिकविले, आणि न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांनी तिच्या आवाजाला चित्रपटास साजेसे वळण दिले. शिकायला मिळाले नाही ही खंत मनात असल्यामुळे, शिकविणारा भेटला की ती त्याला सोडीत नसे. घरी तिने वाचनही वाढविले. हिंदी चित्रपटांसाठी हिंदीचे उच्चार घासूनपुसून घेतले. कारण न्यू थिएटर्सचे बरेच चित्रपट बंगाली आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत आणि तोच प्रसंग तिला दोन भाषांत दोनदा उभा करावा लागे.

‘मुक्ती’च्याच वर्षी देवकी बोस यांचा ‘विद्यापती’ आला. मिथिलेचा राजा शिवसिंह आपला मित्र, कवी विद्यापती, याला दरबारी बोलावतो. कवीबरोबर अनुराधा नावाची त्याची एक साधी शिष्या येते. कवीच्या गीतांनी राणीचे मन मोहून जाते आणि राजाच्या अंतःकरणात दुःखाचा वणवा पेटतो. त्या वेळी प्रेम म्हणजे मागणे नव्हे, देणे होय, हे राजाला समजावून सांगते ती अनुराधा. दरबारात राजा आहे, राणी आहे, महाकवी आहे. आणि सर्वांत शहाणी ठरते ती जिच्याजवळ काहीही नाही अशी एक मुलगी. ही भूमिका काननने अशा सहजतेने केली की, चित्रपटाचे नाव ‘विद्यापती’ असले तरी लोकांच्या मनात घर करून राहिली ती अनुराधाच.

१९३८ सालचा ‘स्ट्रीट सिंगर’ महाराष्ट्रातील जुन्या पिढीलाही चांगला आठवत असे. फणी मजुमदारांचा हा चित्रपट बंगालीत ‘साथी’ या नावाने निघाला. अनाथालयातून पळालेली दोन मुले, भुलवा आणि मंजू, कलकत्त्याच्या रस्त्यांवर गाणी म्हणून पोट भरतात. भुलवाचे स्वप्न असते रंगभूमीवर चमकण्याचे. पण नशीब उघडते ते मंजूचे. तिला कीर्ती मिळते, पैसा मिळतो, आणि त्या झगमगाटात आपला जुना सोबती मागे पडला आहे हे तिच्या ध्यानात येत नाही. भुलवा झाले होते कुंदनलाल सैगल. पार्श्वगायनाची सोय झालेली असतानाही सैगलांनी यातील एक ठुमरी कॅमेऱ्यापुढे चालता चालताच गायिली, ही हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. अशा गायकासमोर उभे राहणे सोपे नव्हते. मंजूची भूमिका करणारी तरुणी मात्र डगमगली नाही. गरिबीतून वर आलेल्या मुलीचे मन कसे असते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. १९३९ च्या ‘सापुडे’ या चित्रपटात तिने गारुड्यांच्या तांड्यात मुलगा म्हणून वाढविलेल्या एका मुलीचे काम केले. त्याची कथा नझरुल इस्लाम यांची होती.

यशाच्या या शिखरावर असताना १९४० साली काननबालेचा विवाह अशोक मैत्र यांच्याशी झाला. अशोकबाबूंचे वडील हेरंबचंद्र मैत्र हे कलकत्त्याच्या सिटी कॉलेजचे प्राचार्य आणि ब्राह्मो समाजातील नामांकित पुरुष. नाटकांविषयी त्यांना अत्यंत तिटकारा. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. रस्त्यात एका अनोळखी माणसाने त्यांना स्टार थिएटरचा रस्ता विचारला. आपल्याला ठाऊक नाही, असे सांगून ते पुढे गेले. पण आपण असत्य बोललो, ही टोचणी लागून ते त्या माणसामागे धावले आणि रस्ता आपणास माहीत आहे, परंतु सांगणार नाही, असे बजावून परतले! विवाहापूर्वीच, १९३८ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. अशा घरात एक नटी सून म्हणून आली, तेव्हा कलकत्त्यात केवढी खळबळ उडाली असेल, हे कोणाच्याही ध्यानात येईल. प्रतिष्ठित मंडळींनी विवाहावर टीकेची झोड उठविली. वृद्ध रवींद्रनाथांनी या जोडप्यास आपली स्वाक्षरी असलेले चित्र आशीर्वाद म्हणून दिले. त्याबद्दल त्यांनाही दूषणे ऐकावी लागली.

हा संसार पाच वर्षेच टिकला. विवाहानंतरही तिने चित्रपटात काम करावे की नाही, हा मतभेदाचा एक मोठा विषय होता. जे काम करून ती मुलगी उपासमारीतून वर आली, तेच सोडण्याची अपेक्षा तिच्यापासून केली जात होती. १९४५ साली दोघे कायदेशीरपणे विभक्त झाली. तरीही आपल्या सासूबाईंविषयी आणि नणंदेविषयी तिने अखेरपर्यंत आदर व जिव्हाळा राखला. या नणंदबाई म्हणजे प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पत्नी. नाते कायद्याने तुटले, मनाने तुटले नाही.

१९४१ मध्ये न्यू थिएटर्स सोडून ती स्वतंत्रपणे काम करू लागली होती. बरुआंचा ‘शेष उत्तर’, हिंदीत ‘जवाब’, हा १९४२ साली आला. त्यात कमल दासगुप्त यांनी चाल दिलेले तुफान मेलचे गाणे तिने गायिले आहे. जगाला धावत्या आगगाडीची उपमा देणाऱ्या या गीताची ध्वनिमुद्रिका गावोगावच्या ग्रामोफोनवर वाजू लागली. बंगाली ज्यांना मुळीच येत नव्हते, असे लोकही काननला ओळखू लागले ते या गाण्यामुळे. ‘परिचय’ आणि ‘शेष उत्तर’ या चित्रपटांतील कामांबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकारांच्या संघाने लागोपाठ दोन वर्षे तिला उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरविले. १९४८ च्या सुमारास बंकिमचंद्रांच्या कादंबरीवरील ‘चंद्रशेखर’ चित्रपटात अशोककुमारांबरोबर तिने काम केले.

१९४९ साली त्यांच्या आयुष्यास नवे वळण लागले. राज्यपालांच्या सेवेतील एक नौदल अधिकारी हरिदास भट्टाचार्य यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास त्यांनी ‘श्रीमती पिक्चर्स’ ही स्वतःची चित्रपट-संस्था काढली. आता लोक त्यांना काननदेवी म्हणू लागले होते. ही उपाधी कोणत्या घराण्याने दिलेली नव्हती. हिशेब पाहणे, कथा निवडणे, नटांशी करार करणे, ही सर्व कामे त्या स्वतः पाहू लागल्या. ज्या धंद्यात पंचवीसांतले वीस रुपये त्यांच्या हाती कधी आलेच नव्हते, त्या धंद्यात आता दुसऱ्यांचा मेहनताना त्यांच्या हातून दिला जात होता.

‘अनन्या’ हा त्यांच्या संस्थेचा पहिला चित्रपट. पुढे त्यांनी बहुतेक कथा घेतल्या त्या शरच्चंद्रांच्या. त्यांतील ‘मेजदिदी’ या १९५० सालच्या चित्रपटाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. मेजदिदी म्हणजे मधली ताई. केष्ट नावाचा एक अनाथ मुलगा आई वारल्यावर आपल्या सावत्र बहिणीच्या घरी आश्रयाला येतो. बहीण आणि मेव्हणा त्याला दुकानात राबवितात, जेवताना त्याचे घास मोजतात, मारहाण करतात. याच कुटुंबातील मधली सून हेमांगिनी त्या मुलाला पोटाशी धरते. घरातली भांडणे, दिराजावांचे टोमणे, स्वतःच्या पतीचा रोष, सारे ती पत्करते. आणि शेवटी त्या पोरक्या मुलाचा हात धरून घराबाहेर पडते.

हेमांगिनीचे काम काननदेवींनी स्वतः केले. तीसएक वर्षांपूर्वी एका परक्या घराच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या कानन नावाच्या मुलीला अशी कोणी मेजदिदी मिळाली नव्हती. पडद्यावर केष्टला मिळाली. शरच्चंद्रांच्या इतक्या कथांमधून हीच कथा त्यांनी आरंभी का निवडली असेल, हे त्यांचे बालपण ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

श्रीमती पिक्चर्सचे पुढचे अनेक चित्रपट हरिदासबाबूंनी दिग्दर्शित केले. ‘नवविधान’, ‘देवत्र’, ‘आंधारे आलो’, ‘राजलक्ष्मी ओ श्रीकांत’ असे चित्रपट एकामागून एक निघाले. काननदेवी हळूहळू पडद्यावरून बाजूला झाल्या आणि निर्मितीच्या कामात रमल्या.

चित्रपटसृष्टीत एक दुःख त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. तरुणपणी जिच्या नावावर चित्रगृहे भरत, ती नटी म्हातारपणी औषधावाचून एखाद्या अंधाऱ्या खोलीत पडलेली असे. पडद्यावरून चेहरा दिसेनासा झाला की लोक विसरत. आणि कुटुंब तर बहुधा नसेच. अशा वृद्ध व निराधार स्त्री-कलावंतांसाठी ‘महिला शिल्पी महल’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हा काननदेवी तिच्या अग्रभागी होत्या. बंगालीत शिल्पी म्हणजे कलावंत. नाट्यप्रयोग करून पैसा उभारावयाचा आणि गरजू नटींना साहाय्य पोहोचवावयाचे, असे या संस्थेचे काम चाले.

१९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७३ साली त्यांचे ‘सबारे आमी नमी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. सर्वांना माझा नमस्कार, असा त्या नावाचा अर्थ. आपल्या जन्माविषयी लोक पाठीमागे काय कुजबुजतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. प्रसिद्ध माणसे अशा गोष्टी झाकून ठेवतात. काननदेवींनी झाकल्या नाहीत. आपले कुळ कोणते याचा शोध त्यांना निरर्थक वाटे. आपण माणूस आहोत, एवढी ओळख त्यांना पुरेशी होती, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. भांडी घासण्याचे दिवसही त्यांनी त्याच मोकळेपणाने लिहिले आहेत.

चित्रपटक्षेत्रातील भारताचा सर्वोच्च सन्मान दादासाहेब फाळके यांच्या नावाने दिला जातो. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना दादासाहेबांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. खूप शोध करूनही कोणी तयार होईना; शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून त्यांनी उभे केले. त्यांच्या नावाचा सन्मान १९७६ सालासाठी काननदेवींना देण्यात आला. न्यू थिएटर्सचे बिरेंद्रनाथ सरकार आणि पंकज मल्लिक यांना तो आधीच मिळाला होता. त्यांच्या मागोमाग त्यांची गायिका-नटी त्या मालिकेत जाऊन बसली.

आयुष्याची अखेरची वर्षे काननदेवींनी कलकत्त्यात देवपूजेत आणि घरच्या माणसांत घालविली. १७ जुलै १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०११ साली भारतीय टपाल खात्याने चित्रपटसृष्टीतील सहा दिवंगत अभिनेत्रींच्या स्मरणार्थ तिकिटे काढली. त्यांत देविकाराणी होत्या, नूतन होत्या, मीनाकुमारी होत्या. आणि एका तिकिटावर काननदेवींचे चित्र होते. चित्राशेजारी छापलेले नाव होते ‘कानन देवी’.